चीज नको म्हणणारें गिऱ्हाईक

इटालियन पद्धतीच्या पिझ्झागृहांत बसून ‘चीज घालूं नका, लोणी लावूं नका’ असें बजावणारें गिऱ्हाईक आतां युरोपांतच काय, पुण्यामुंबईसही नवें राहिलेलें नाहीं. दूध, तूप, अंडीं, मध, किंबहुना प्राण्यांपासून मिळणारा कोणताही पदार्थ न खाण्याचें व्रत घेतलेल्या या लोकांस ‘व्हीगन’ म्हणतात. १९४४ सालीं डोनल्ड वॉटसन व त्यांचे सोबती यांनीं इंग्लंडांत व्हीगन सोसायटी स्थापन केली, तेव्हांपासून हा शब्द चालू झाला. ज्यांच्या गोठ्यांत दुभतीं जनावरें आहेत असे आमचे वाचक या गिऱ्हाइकाचें नांव ऐकून हंसतात किंवा चिडतात. चिडण्यास कारण नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. एका पिझ्झ्यावर ८० ते १०० ग्रॅम चीज पडतें, व तितक्या चिजास गाईचें सुमारें एक लिटर दूध लागतें. म्हणजे प्रत्येक नकारामागें लिटरभर दुधाची मागणी गेली. तथापि हें गिऱ्हाईक विचारतें काय, तें नीट ऐकून घेतल्यास त्यांत दूधउत्पादकाचेंही हित आहे, असें आमचें मत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. चिजावांचून पिझ्झा ही अलीकडची टूम नव्हे. पिझ्झ्याचें माहेर जें नेपल्स शहर, तेथें ‘दा मिकेले’ नांवाचें १८७० पासूनचें दुकान आहे. मार्गेरिता व मारिनारा या दोन प्रकारांवरच त्याची कीर्ति उभी राहिली. पैकीं मारिनारा म्हणजे टोमॅटो, लसूण, तेल आणि पुदिन्याच्या कुळांतील ओरेगानो नांवाचा सुगंधी पाला. युरोपीय संघानें २०१० सालीं नेपल्सच्या पिझ्झ्याची जी व्याख्या नोंदविली, तींतही हा बिनचिजाचा प्रकार आहे. आणि त्याच्या कणकेंत पीठ, पाणी, मीठ व यीस्ट यांपलीकडे कांहीं नाहीं. लांकडाच्या प्रखर भट्टींत तो ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. म्हणून व्हीगन मनुष्यानें मार्गेरितेवरील चीज काढून मागूं नये. तें पुरण काढून पुरणपोळी मागण्यासारखें आहे, आणि वर दाम बहुधा पुरणासकट द्यावे लागतात. त्यानें सरळ मारिनारा मागावा. (आमच्याकडील जैन मंडळींस मात्र हा मार्ग बंद, तेथें लसूण आडवा येतो.) बागाइतदारानें यांत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. चिजाखालीं वाईट टोमॅटो झांकला जातो. मारिनारांत झांकावयास कांहीं नसतें. व्हेसुव्हियस पर्वताजवळच्या खोऱ्यांत पिकणाऱ्या सान मार्झानो टोमॅटोस स्थलनामाचें कायदेशीर संरक्षण मिळालें, त्यामागें अशा चोखंदळ जिभाही आहेत.

पिझ्झा सोडून इतर पदार्थांकडे वळलें म्हणजे विचारपूस वाढते. सुका पास्ता डुरम गव्हाच्या रव्याचा व पाण्याचा असतो. आपल्याकडील बन्शी गहूं याच डुरम जातीचा, हें वाचकांस ठाऊक असेलच. ताज्या पास्त्यांत मात्र पुष्कळदां अंडें असतें. तुळशीच्या जातीच्या पाल्याची पेस्तो नांवाची हिरवी चटणी दिसते निरुपद्रवी, पण तींत चीज वाटलेलें असतें. भाज्यांच्या सुपांत पार्मेजान चिजाची कड टाकून तें उकळण्याची चाल आहे. या अस्सल इटालियन पार्मेजानाची गोष्ट आमच्या शाकाहारी वाचकांनींही ध्यानांत धरावी. तें वासराच्या जठरांतून काढलेल्या रेनेटनेंच गोठविलें पाहिजे, असा तेथील नियम आहे. म्हणजे ‘आम्ही कांहीं व्हीगन नव्हे, आम्हांस चीज चालतें’ असें म्हणणाऱ्या माळकऱ्यासही तेथें विचारल्यावांचून सुटका नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. ‘हें चीज कशाचें?’ या प्रश्नाचीं आज तीन उत्तरें संभवतात. एक, दुधाचें. दुसरें, खोबरेल, पिष्ट, काजू अशा वनस्पतिज द्रव्यांचें, ज्यांत दूध मुळींच नाहीं. या दोहोंविषयीं आमची तक्रार नाहीं. ज्यास जें रुचेल तें त्यानें उघडपणें घ्यावें. तिसरें उत्तर सहसा कोणी आपण होऊन देत नाहीं. दुधांतील स्निग्धांशाच्या जागीं पामतेलासारखें स्वस्त वनस्पतितेल घालावयाचें आणि दुधांतील केसीन हें प्रथिन तेवढें ठेवावयाचें, अशा कृतीनें एक नकली चीज तयार होतें. व्यापारांत त्यास ‘ॲनालॉग’ म्हणतात. तें भट्टींत वितळतें, त्याच्या ताराही निघतात, आणि टोमॅटो, मिरची व कांदा यांच्या गर्दींत तें ओळखूं येत नाहीं. व्हीगन मनुष्यास तें चालत नाहीं, कारण त्यांत दुधाचें प्रथिन आहे. दुधाच्या चिजाचे दाम मोजणाऱ्यासही तें चालूं नये, कारण त्यांत लोण्याचा अंश नाहीं. व्हीगन गिऱ्हाईक आमचें लिटरभर दूध नाकारतें तें तोंडावर सांगून. हें चीज दुधांतील स्निग्धांश गुपचूप बुडवितें, आणि तेंही ज्यास दूधच पाहिजे होतें अशा माणसाच्या ताटांत. शेतकऱ्यानें राग धरावयाचाच तर तो या दुसऱ्यावर धरावा.

कायद्यानें कांहीं केलें नाहीं असें नाहीं. निव्वळ वनस्पतिज पदार्थ ‘दूध’, ‘लोणी’, ‘चीज’ या नांवांनीं विकतां येणार नाहींत, असा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयानें २०१७ सालीं दिला. तो आम्हांस योग्य वाटतो. आपल्या देशांतही २०२२ सालीं व्हीगन अन्नासाठीं स्वतंत्र नियम व निराळें चिन्ह ठरलें. परंतु हीं चिन्हें असतात पुडक्यावर, आणि पुडकें फुटतें मुदपाकखान्यांत. गिऱ्हाइकापुढें येतो तो भाजलेला पिझ्झा, ज्यावर कोणतीच खूण उरलेली नसते. वाढणाऱ्या पोरास विचारावें तर त्या बिचाऱ्यास तरी काय ठाऊक!

यासाठीं पदार्थांच्या यादींत प्रत्येक पिझ्झ्यापुढें ‘दुधाचें चीज’, ‘वनस्पतिज’ किंवा ‘तेल घातलेलें नकली चीज’ असें ठळक अक्षरांत लिहिण्याची सक्ति व्हावी, अशी मागणी दूधसंघांनीं केली पाहिजे. ज्या पिझ्झागृहांत निर्भेळ दुधाचें चीज वापरतात, त्यांस या मागणीचें भय वाटण्याचें कारण नाहीं. उलट त्यांचा माल उठून दिसेल. व्हीगन मंडळींसही हेंच हवें आहे. त्यांच्यापैकीं कोणी अशा अर्जाचा मसुदा घेऊन दूधसंघाच्या कचेरींत आले, तर त्यांस बसावयास सांगून अर्जावर सही करण्यास आम्हांस हरकत दिसत नाहीं. चहा मात्र बिनदुधाचा द्यावा लागेल.