आधी किल्ली, मग बाटली!

पावसाळा लागला की शनिवारी दुपारी कोल्हापूरच्या फुलेवाडी नाक्यावरून दुचाक्यांचे तांडे गगनबावड्याकडे सुटतात. कुणी फोंडा घाटाने, कुणी आंबोलीने थेट गोवा गाठतो. पोरांनी जरूर फिरावे, धुके अंगावर घ्यावे. आमचा संताप आहे तो ढाब्यावर क्वार्टर रिचवून त्याच हाताने गाडीची किल्ली फिरवणाऱ्यांवर. मित्राला डबलसीट घेऊन झिंगलेल्या डोक्याने ओल्या वळणावर गाडी घालणे म्हणजे उघड उघड खुनाची तयारी आहे. स्वतःच्या, मागे बसलेल्या मित्राच्या आणि डेअरीला दूध घालून घरी निघालेल्या शेतकऱ्याच्या!

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरची होती. कायदा आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला, तर कलम १८५ खाली पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण घाटात मध्यरात्री श्वास तपासायचे यंत्र घेऊन उभे कोण राहणार?

आणि ‘झोप काढली, उतरली’ म्हणणाऱ्यांनी हिशेब ऐकावा. दर १०० मिलिलिटर रक्तामागे शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम मद्यार्क जाळते. रात्री एकला रक्तात १५० असेल, तर सकाळी सहाला ७५ उरतो, म्हणजे मर्यादेच्या अडीचपट! मर्यादेत यायला नऊ वाजतात, पुरता उतरायला अकरा. तांबडा रस्सा ओरपा, लिंबू पिळा, ताक प्या, थंड पाणी डोक्यावर ओता. यकृत कुणासाठी घाई करत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद करायला सांगितले. पुढे छोट्या गावांसाठी अंतर २२० मीटरवर आले, शहरांच्या हद्दींना सूट मिळाली. सगळा वाद मीटरांचा झाला. पिणारा घरी कसा जाणार, हे कुणी विचारलेच नाही.

राजर्षी शाहूंनी १९०१ पासून या शहरात वसतिगृहे उभी केली, ती खेड्यातून आलेल्या पोराला डोके टेकायला जागा मिळावी म्हणून. त्याच शहराच्या वाटांवर आज पेला मिळतो, पथारी मिळत नाही! पोरांचे टोळके दिसले की ‘खोली नाही’ म्हणणारा लॉजवाला खाली परमिट रूममध्ये मात्र त्यांनाच हसत बसवून घेतो. हे थांबलेच पाहिजे. घाटरस्त्यावरच्या प्रत्येक परमिट रूमने ऑर्डरआधी गल्ल्यावर किल्ली घ्यावी, गाडीला छप्पर द्यावे, माणसाला गादी द्यावी आणि सकाळी सातलाच खोली रिकामी करायला लावू नये. ज्याला हे जमत नाही त्याचा परवाना उत्पादन शुल्क खात्याने पुढच्या वर्षी वाढवू नये. धंदा बुडेल अशी ओरड होईल. होऊ द्या!

टोलविरुद्ध रस्त्यावर उतरून २०१५ साली सरकारला तो रद्द करायला लावणारे हे कोल्हापूर आहे. पेठांतल्या तालीम मंडळांनो, पोरे तुमचीच आहेत, आणि तुमचा शब्द ती पोलिसांपेक्षा जास्त मानतात. येत्या शनिवारी त्यांना निघण्याआधी गाठा आणि बजावून सांगा : प्यायची असेल तर आधी खोली ठरवा, गाडी लावा, किल्ली जमा करा. खोली मिळाली नाही, तर बाटली उघडू नका.