उतारवयातील सहजीवन : निरोधाविषयीची भीती आणि भरवसा

ज्येष्ठांच्या आरोग्याविषयी लिहिताना रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी, निद्रानाश हे विषय सहज पानावर उतरतात. कामजीवनाचा विषय मात्र उंबऱ्याशीच थबकतो. साठीनंतर तो संपलेलाच असतो, अशी सोयीस्कर समजूत आपल्या कुटुंबांत रूढ आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. अनेक दांपत्यांत शरीराची ओढ उतारवयातही टिकून असते. जोडीदार गमावलेली काही माणसे पुन्हा विवाह करतात किंवा सहजीवन स्वीकारतात. म्हणूनच एचआयव्हीची भीती आणि निरोधावरचा भरवसा हे प्रश्न त्यांच्याही दाराशी येतात. या पंधरवड्यात त्यांचा विचार करू.

आज पासष्टी-सत्तरीत असलेल्या पिढीचे याविषयीचे शिक्षण एका विशिष्ट काळात झाले. भारत सरकारने १९६८ साली ‘निरोध’ आणला तो कुटुंबनियोजनासाठी. त्यामुळे निरोध म्हणजे पाळणा लांबवण्याचे साधन, हे समीकरण मनात पक्के झाले. शस्त्रक्रिया झाली किंवा रजोनिवृत्ती आली, की त्याचे प्रयोजनही सरले. पुढे १९८६ मध्ये मद्रासमध्ये भारतातील पहिले एचआयव्ही-संसर्ग उघडकीस आले, तेव्हा ही पिढी तिशीच्या आसपास होती. त्या वेळी हाताशी प्रभावी औषध नव्हते. एड्स म्हणजे मृत्यू, आणि तोही ‘वाईट चालीच्या’ माणसांचा, असा दुहेरी शिक्का तेव्हा बसला. औषधे आली, काळ पालटला, तरी तो शिक्का बऱ्याच मनांवरून पुसला गेलेला नाही.

अशी भीती माणसाला सावध करते, असे आपण गृहीत धरतो. ती अनेकदा उलटेच करते. जो आजार ‘त्या’ लोकांचा, तो आपल्याला कसा होईल, असे म्हणून एक जण निर्धास्त राहतो. दुसरा चाचणीच्या कल्पनेनेच हादरून तपासणी टाळतो. मुंबईत २००२ च्या अखेरीस ‘बलबीर पाशा’ या काल्पनिक पात्राचे फलक जागोजागी झळकले होते. त्याला एड्स होईल का, असा प्रश्न ते विचारत. त्या मोहिमेने नेमक्या पळवाटा हेरल्या होत्या : एरवी निरोध वापरणारा माणूस मद्याच्या अमलाखाली तो विसरतो, एकाच ओळखीच्या स्त्रीकडे जातो म्हणून स्वतःला सुरक्षित समजतो, समोरची व्यक्ती निरोगी दिसते म्हणून विश्वास टाकतो. उतारवयातील ‘इतक्या वर्षांची ओळख आहे’, ‘घराणे चांगले आहे’ हे युक्तिवाद याच जातीचे आहेत. विषाणू घराणे पाहत नाही. आपल्याकडे कित्येक विवाहित स्त्रियांना संसर्ग झाला तो केवळ पतीकडून, आणि निरोधाचा आग्रह धरण्याची मुभा त्यांना घरात कधी मिळालीच नव्हती.

निरोधाच्या विश्वासार्हतेविषयीही अशीच दोन टोके आढळतात. ‘तो फाटतोच, मग वापरायचा कशाला?’ हे एक, आणि ‘तो आहे, मग काळजी कसली?’ हे दुसरे. सत्य काय आहे? अखंड लॅटेक्समधून एचआयव्हीचा विषाणू पार होत नाही. दांपत्यातील एकालाच संसर्ग असतो, तेव्हा प्रत्येक वेळी निरोध वापरणाऱ्या स्त्री-पुरुष जोडप्यांत जोडीदाराला संसर्ग होण्याचे प्रमाण, तो कधीच न वापरणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळले आहे. याचा अर्थ शंभरातील वीस निरोध निकामी ठरतात, असा मुळीच नव्हे. गर्भनिरोधाचे आकडे पाहिले, तर मर्म कळते : अचूक व नित्य वापर झाल्यास वर्षभरात शंभरांपैकी सुमारे २ स्त्रियांना गर्भधारणा होते, प्रत्यक्षातील सर्वसाधारण वापरात मात्र सुमारे १३ जणींना. दोहोंमधील हा फरक रबराचा नसून वापराचा आहे.

उतारवयात हा वापर अधिक काळजीने करावा लागतो. रजोनिवृत्तीनंतर योनिमार्गाचे आवरण पातळ व कोरडे होते. त्याला सूक्ष्म जखमा होऊन संसर्गाचा धोका वाढतो. कोरडेपणावर उपाय म्हणून घरातले खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन वापरले जाते, आणि तेलकट पदार्थांनी लॅटेक्स लवकर कमकुवत होते. औषधाच्या दुकानात मिळणारे, पाण्यावर आधारित वंगणच वापरावे. वयपरत्वे ताठरता टिकत नसेल, तर निरोध निसटण्याची शक्यता असते. बाहेर येताना त्याची कडा हाताने धरून ठेवावी. एकावर एक दोन निरोध चढवू नयेत, पाकिटात महिनोन्‌महिने ठेवलेला वापरू नये आणि वेष्टनावरील अंतिम तारीख पाहावी. ताठरतेसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांचा एचआयव्हीवरील काही औषधांशी विपरीत संयोग होतो, म्हणून त्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नयेत.

भीती गोठली, तरी विज्ञान पुढे गेले. आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एचआयव्हीवरील एआरटी औषधे मोफत मिळू लागली. ज्यांतील एकाच जोडीदाराला संसर्ग होता, अशा १,७६३ जोडप्यांच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, ज्यात पुणे व चेन्नई येथील केंद्रेही होती, लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये स्पष्ट झाले. नियमित औषधांनी रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत सापडणार नाही इतके खाली आले आणि तसेच टिकून राहिले, तर लैंगिक संबंधातून एचआयव्ही पसरत नाही, हे आता सर्वमान्य आहे. इतर गुप्तरोगांपासून मात्र औषध वाचवत नाही; तेथे निरोधच लागतो. आणि चुकून धोका पत्करला गेलाच, तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावयाची प्रतिबंधक औषधेही आहेत. तेथे रात्र उलटण्याची वाट पाहू नये.

उत्तरायुष्यात नव्याने एकत्र येणाऱ्यांनी एचआयव्ही चाचणी हा अविश्वासाचा ठपका मानू नये. साखर, हृदयालेख, कावीळ ‘ब’ यांच्या तपासण्यांसोबत दोघांनीही ती करून घ्यावी, म्हणजे कोणी कोणावर संशय घेतला, हा प्रश्नच उरत नाही. नुकत्याच झालेल्या संसर्गाचा छडा चाचणीत लगेच लागत नाही. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीनंतर ती पुन्हा करावी आणि तोवर निरोध वापरावा. वजन घटणे, थकवा, वारंवार होणारा न्यूमोनिया हे सारे ‘वयाचेच’ मानले गेल्याने ज्येष्ठांचे निदान अनेकदा उशिरा होते. डॉक्टर विचारत नसतील, तर आपण विचारावे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक शब्द. घरातील ज्येष्ठाला एचआयव्ही असेल, तर त्यांना भरवताना, आंघोळ घालताना, त्यांच्या ताटात जेवताना वा कुशीत घेताना संसर्ग होत नाही. डासांमुळेही होत नाही. रक्त पुसताना हातमोजे घालावेत. दाढीचे पाते आणि साखर तपासण्याची सुई कोणाचीही कोणी वापरू नये. त्यांचे ताट-वाटी वेगळी मांडणे ही खबरदारी नव्हे. तो त्यांना दिलेला घाव आहे. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्यानुसार चाचणीसाठी त्या व्यक्तीची संमती लागते आणि तिचे निदान गोपनीय राखावे लागते. तेव्हा मुलासुनांनीही ते परस्पर नातेवाइकांना सांगू नये.

सरकारी रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत ही तपासणी मोफत होते. प्रत्यक्ष जाण्याआधी बोलून घ्यावेसे वाटल्यास राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा १०९७ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. आजी-आजोबांना तो स्वतः लावण्याचा संकोच वाटत असेल, तर तो लावून द्यावा आणि बोलणे संपेपर्यंत खोलीबाहेर थांबावे.