ल्युसर्नला फक्त एक तास?



उन्हाळा जवळ आला की आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर युरोप टूरची पत्रकं फिरायला लागतात. इतक्या दिवसांत इतके देश, शुद्ध जैन जेवण, महाराज सोबत. (महाराज म्हणजे आचारी. आमच्या मंदिरातल्या एका आजींनी मला खरंच विचारलं होतं, "महाराज विमानात बसतात होय गं?") त्या पत्रकात स्वित्झर्लंडच्या पानावर एक ओळ हमखास असते. ल्युसर्न: सिंहाचे शिल्प, लाकडी पूल, फोटो आणि खरेदीसाठी एक तास. पुढच्या ओळीत लगेच बर्फाचा डोंगर.

माझं भांडण त्या एका तासाशी आहे.

२०१७ साली मी सासूबाईंना घेऊन अशाच टूरला गेले होते. त्या तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या. पहिलाच परदेश. बस तळ्याकाठच्या चौकात थांबली, समोर घड्याळांची दुकानं, आणि टूर मॅनेजरनं सांगितलं, "बरोबर साठ मिनिटं." सासूबाई काठावरच्या बाकावर बसल्या. पाण्यात राजहंस, मागं डोंगर, बाजूला तो छपराचा पूल. त्यांनी विचारलं, "पुलाच्या छपराखाली चित्रं कसली आहेत गं ती?" मी म्हटलं, "आई, फोटो काढून घेते, घरी बघू." आणि त्यांचा हात धरून त्यांना दुकानात नेलं, कारण नणंदेनं घड्याळ आणायला सांगितलं होतं. घड्याळ घेतलं. ते चालू आहे अजून. फोटो मात्र सगळे काळे आले. सासूबाई २०२१ साली गेल्या.

मागच्या जूनमध्ये पुन्हा जायचा योग आला. लेक जर्मनीत शिकते, तिच्याकडे आम्ही दोघं गेलो होतो. तिथून ल्युसर्नला तीन रात्री राहिलो. टूर नाही, बस नाही. मी पहिल्या सकाळी उठून सरळ पुलावर गेले.

तर चित्रांचं उत्तर असं. हा चॅपल ब्रिज १४व्या शतकातला. रॉयस नदी तळ्यातून बाहेर पडते तिथंच तिच्यावर तिरका बांधलेला, कारण तो मुळात गावाच्या तटबंदीचाच भाग होता. छपराच्या आतल्या बाजूला त्रिकोणी फळ्या आहेत आणि त्यांवर १७व्या शतकात काढलेली चित्रं: गावाचा इतिहास, आणि गावाच्या दोन रक्षक संतांच्या कथा. आपल्या मंदिराच्या भिंतीवर पार्श्वनाथांच्या भवांची चित्रं असतात ना, पोरांना हाताला धरून दाखवायची, तसंच. एवढंच सांगायचं होतं मला सासूबाईंना. दोन मिनिटांत सांगून झालं असतं आणि त्यांना ते पुरतं कळलं असतं.

१९९३ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री या पुलाला आग लागली आणि शंभराहून जास्त चित्रांमधली बहुतेक जळाली. पुढच्या एप्रिलपर्यंत गावानं पूल पुन्हा उभा करून खुला केला. पण काही जळक्या काळ्या फळ्या तिथं तशाच ठेवल्यात. चालताना मध्येच चित्र संपतं आणि कोळसा सुरू होतो. मला ते आवडलं. आपण तर घरातलं फुटकं भांडंसुद्धा पाहुणे यायच्या आधी माळ्यावर टाकतो. पुलाच्या मधोमध जो आठकोनी दगडी मनोरा आहे तो पुलाहूनही जुना. त्यात कधी खजिना ठेवला, कधी कैदी.

टूरवाल्यांच्या यादीत नसलेला दुसरा पूल तिथून दहा मिनिटांच्या आत आहे. त्याचं नाव श्प्रॉयर ब्रिज, म्हणजे भुशाचा पूल. पाखडलेल्या धान्याचा भुसा आणि पालापाचोळा नदीत टाकायला फक्त याच पुलावरून परवानगी होती, कारण हा गावातला सगळ्यात खालच्या अंगाचा पूल. वरच्या बाजूला टाकलं तर घाण गावातूनच वाहणार. इतक्या जुन्या काळी कुणीतरी हा नियम केला आणि लोकांनी तो पाळला. आपली पंचगंगा आठवली, आणखी काही लिहीत नाही.

या पुलाच्या छपराखालीही चित्रं आहेत, १७व्या शतकातलीच, कास्पर मेग्लिंगर नावाच्या चित्रकाराची. त्यांचा विषय एकच, मृत्यू. एक सांगाडा येतो आणि माणसाला घेऊन जातो. राजाला नेतो, धर्मगुरूला नेतो, व्यापाऱ्याला नेतो, नटलेल्या बाईलाही सोडत नाही. कुठं तो वाद्य वाजवतो, कुठं हसतोय असं वाटतं. माझे मिस्टर म्हणाले, "बाजाराच्या वाटेवर हे कशाला लावलंय?" मला वाटलं, बाजाराच्या वाटेवरच लावायला हवं. बारा भावनांमधली पहिली अनित्य भावना आपण पाटावर बसून म्हणतो आणि उठून भाजी चिरायला लागतो. इथले लोक पोती डोक्यावर घेऊन रोज तिच्याखालून गेले. धर्म वेगळा, सांगायची रीत वेगळी, आणि त्यांच्या त्या चित्रांतल्या न्यायाच्या दिवसाशी आपलं काही जुळत नाही. पण मी त्या फळीखाली बराच वेळ उभी राहिले, आणि कुणी घाई केली नाही.

त्याच पुलाजवळ नदीत एक बांध आहे, त्याबद्दल कोल्हापूर-सांगलीच्या सख्यांना मुद्दाम सांगते. १८६० च्या सुमाराचा. नदीत आडवी चौकट, तिला टेकवून उभ्या लाकडी पट्ट्या लावलेल्या. तळ्याचं पाणी वाढलं की माणसं हातानं पट्ट्या काढतात, उतरलं की परत लावतात. आपल्या बंधाऱ्याला बरगे घालतात, काढतात, अगदी तेच काम! मिस्टर पाटबंधारे खात्यात होते, ते तिथून हलेचनात. २००५ च्या जुलैत सांगली बुडाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ल्युसर्नमध्येही तळं रस्त्यावर आलं होतं. स्वच्छ, श्रीमंत, चित्रासारखं गाव म्हणून आपण फोटो काढतो, पण पाण्याशी त्यांचाही तोच जुना झगडा आहे.

सिंहाचं शिल्प टूरवाले दाखवतात, नाही असं नाही. सासूबाईंनी ते पाहिलं होतं. वर्धमानांचं लांछन म्हणून त्यांचा हात आपसूक छातीशी गेला, आणि मग त्यांनी बघितलं की त्याच्या कुशीत भाला रुतलाय. "याला का मारलं?" तेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. खडकात कोरलेला हा दहा मीटर लांबीचा मरता सिंह म्हणजे पगारी सैनिकांची आठवण आहे. डोंगरातल्या गरीब घरांतली पोरं परक्या राजांच्या फौजेत नोकरीला जात. १० ऑगस्ट १७९२ रोजी पॅरिसच्या राजवाड्यावर जमाव चालून आला, तेव्हा फ्रान्सच्या राजाचं रक्षण करताना अशी शेकडो पोरं मेली. खाली कोरलेला आकडा ७६० आहे. सिंहाचा पंजा ज्या ढालीवर आहे ती फ्रान्सच्या राजाची, स्वतःच्या देशाची ढाल शेजारी टेकवून ठेवलेली. त्या दिवशी रजेवर असल्यामुळे वाचलेल्या एका अधिकाऱ्यानं हे स्मारक करवून घेतलं, थोरवाल्डसन या डॅनिश शिल्पकारानं आराखडा केला आणि १८२१ साली ते पुरं झालं. आज ज्या देशात आपण भाव बघून चहासुद्धा जपून पितो, त्या देशातून पोटासाठी पोरं मरायला जात होती. ही गोष्ट कळल्याशिवाय सिंहाचा फोटो काढून काय उपयोग?

आता तुमचा प्रश्न. "ते सगळं खरं, पण जेवणाचं काय?" मला माहीत आहे, आपण टूर घेतो ती याच भीतीनं, आणि मी टूरला नावं ठेवत नाही. आमच्या पिढीतल्या किती बायका त्या आचाऱ्याच्या भरवशावर पहिल्यांदा देशाबाहेर पडल्या. सासूबाई टूर नसती तर कधीच गेल्या नसत्या. पण एकदा जाऊन आल्यावर, घरातलं कुणी सोबत असताना, तीच भीती किती दिवस धरायची?

आम्ही स्वयंपाकघर असलेली छोटी जागा घेतली. घरून दशम्या, भाजणी, मूगडाळ, शेंगदाण्याची चटणी आणि पाणी गाळायचं फडकं नेलं. तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नका. भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला तिथं बंदी आहे. लोणी तिथलं घ्या आणि कढवा, छान तूप होतं. मंगळवारी आणि शनिवारी सकाळी नदीच्या दोन्ही काठांवर भाजीबाजार भरतो. कोबी, घेवडा, टोमॅटो, स्ट्रॉबेरी, चेरी, आणि नवलकोल इतका कोवळा की मी तो नुसता मीठ लावून खाल्ला. चीजबद्दल मात्र सावध राहा. ग्रुयेरसारख्या जुन्या नावाजलेल्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं. "दुधाचंच तर आहे" म्हणून फसू नका, पाकिटावर व्ही-लेबलची खूण आहे का बघा. दही घेताना जिलेटिन नाही ना तेही पाहा. रविवारी दुकानं बंद असतात, पण रेल्वे स्टेशनातली उघडी मिळतात.

आणि रात्रीभोजनाची काळजी तर जूनमध्ये उरतच नाही. सूर्य मावळतो सव्वानऊनंतर. आपल्या दोन घटिका आधीच्या हिशेबानंही साडेआठपर्यंत निवांत जेवता येतं. डिसेंबरात गेलात तर हेच उलटं, पावणेपाचच्या आत सूर्य गेलेला असतो. त्यामुळे मे-जून धरा आणि चातुर्मास लागायच्या आत घरी या.

खर्च? हो, महाग आहे. खोटं कशाला सांगू. रोज बाहेर जेवलो असतो तर तीन दिवसही परवडले नसते. पण पूल, सिंह, तळ्याचा काठ, जुना तट, या कशालाच तिकीट नाही. रात्री मुक्काम केला की पाहुण्यांचं एक कार्ड मिळतं, त्यावर गावातली बस फुकट. आम्ही पैसे घातले ते फक्त बोटीवर. १९०१ सालची वाफेची बोट अजून चालते, खाली इंजिनाचे चकाकते दांडे हलताना दिसतात. आणि बर्फाच्या डोंगरावर आम्ही गेलोच नाही. मैत्रिणी अजून विचारतात, "म्हणजे बर्फ नाही बघितलास?" लांबून बघितला, पुष्कळ झाला.

शेवटच्या दिवशी जुन्या तटावर गेलो. नऊ बुरुज आहेत, त्यातले चार उन्हाळ्यात चढून जाता येतात. पायऱ्या उंच आणि लाकडी, गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच बघावं. एका बुरुजावर १५३५ सालचं घड्याळ आहे, गावातलं सगळ्यात जुनं. त्याला एक मान दिलाय: गावातल्या बाकी सगळ्या घड्याळांच्या एक मिनिट आधी यानं टोले द्यायचे.

संध्याकाळी आम्ही डबा घेऊन तळ्याकाठी आलो. तो जुना बाक मिळाला की नाही सांगता येणार नाही, तिथं सगळे बाक सारखेच. दशमी आणि चटणी खाल्ली, राजहंस जवळ आले पण त्यांना काही टाकलं नाही. लेकीला आजीचा प्रश्न सांगितला आणि पुलाच्या चित्रांचं उत्तरही. तटावरच्या घड्याळानं आठ वाजवले. लेक म्हणाली, "अगं आई, अजून एक मिनिट आहे." मग गावातल्या चर्चच्या घंटा सुरू झाल्या. आमच्यासमोर एक बस येऊन थांबली, आणि आतून मराठीत आवाज आला, "चला, चला, पावणेनऊला सगळे परत पाहिजेत."