नोटिशीच्या चौदा दिवसांत अडकलेला संप

तारीख होती १८ एप्रिल २०१६, वार सोमवार. बंगळुरूच्या बोम्मनहळ्ळी भागातील तयार कपड्यांच्या कारखान्यांतील महिला कामगार शिलाई यंत्रे बंद करून होसूर रस्त्यावर येऊन बसल्या. त्यांच्या पुढे ना कोणा नेत्याची गाडी होती, ना संघटनेचा फलक. दुसऱ्या दिवशी हे लोण हेब्बगोडी, पीण्या आणि जालहळ्ळीपर्यंत पोहोचले. पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधुराची नळकांडी फोडली; काही ठिकाणी बसगाड्या पेटल्या. त्याच दिवशी तत्कालीन केंद्रीय कामगार मंत्री बंडारू दत्तात्रेय यांनी वादाचे मूळ असलेली अधिसूचना मागे घेत असल्याचे जाहीर केले. देशातील मोठमोठ्या कामगार संघटनांना निवेदने देऊन जे साधले नव्हते, ते या महिलांनी दोन दिवसांत साधले.

मुद्दा भविष्य निर्वाह निधीचा होता. १० फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने निधीतील मालकाच्या हिश्श्याची रक्कम वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असे ठरविले. दिल्लीत बसून पाहिल्यास ही तरतूद कामगाराच्या म्हातारपणाची काळजी वाहणारी दिसते. शिलाईच्या लाईनवर मात्र चित्र वेगळे असते. ताशी 'टार्गेट'च्या या कामात ५८ व्या वर्षापर्यंत टिकणारी बाई शोधूनच काढावी लागेल. डोळे, पाठ आणि मनगट त्याआधीच जबाब देतात. तुटपुंज्या पगारातून बाजूला पडणारी ही एकमेव शिल्लक. नोकरी सोडली की ती काढायची, त्यातून मुलांची शाळेची फी भरायची, सावकाराचे देणे फेडायचे, हा तिचा हिशेब. तो एका अधिसूचनेने मोडीत निघाला होता.

येथे एक गोष्ट नमूद करायला हवी. त्याच वर्षी २९ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात भविष्य निर्वाह निधीतून काढलेल्या रकमेच्या ६० टक्के भागावर कर लावण्याचा प्रस्ताव होता. पांढरपेशा नोकरदारांनी वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून ओरड केली आणि ८ मार्चला अर्थमंत्री अरुण जेटली यांनी तो मागे घेतला. नोकरदारांसाठी आठ दिवसांचा गाजावाजा पुरला. शिलाई कामगारांना रस्ता अडवावा लागला.

आज तसाच प्रसंग उद्भवला तर काय होईल, हा प्रश्न आता निव्वळ कल्पनेतला राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही कामगार संहिता लागू केल्या. त्यांतील औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिचे कलम ६२ संपाविषयी आहे. कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत संपापूर्वी ६० दिवसांच्या आत मालकाला नोटीस द्यायची आणि नोटीस दिल्यापासून १४ दिवस संप करायचा नाही, असे ते सांगते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात नोटिशीची ही सक्ती पाणी, वीज, रेल्वे यांसारख्या सार्वजनिक उपयुक्तता सेवांपुरती होती. आता शिलाईचा कारखाना आणि वीजनिर्मिती केंद्र एकाच मापाने मोजले जाईल. शिवाय निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली नैमित्तिक रजाही संपच मानली जाईल.

चौदा दिवस थांबायला काय हरकत आहे, असे कोणीही विचारील. अडचण केवळ चौदा दिवसांची नाही. नोटीस पोहोचली की समेट अधिकारी बैठक बोलावतो. पहिली बैठक झाली की समेटाची कार्यवाही सुरू झाली असे मानले जाते. ती चालू असताना आणि संपल्यावर सात दिवस संपाला बंदी. समेट फिसकटला तर दोहोंपैकी कोणताही पक्ष न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. तेथे प्रकरण प्रलंबित असेपर्यंत आणि त्यानंतर ६० दिवस पुन्हा बंदी. जुन्या कायद्यात वाद न्यायाधिकरणाकडे सोपविण्याचा अधिकार बहुतांशी सरकारकडे होता. आता मालक स्वतःच थेट अर्ज करू शकतो. म्हणजे नोटिशीचे दिवस भरत आले असतानाच कायदेशीर संपाचा मार्ग बंद करण्याची किल्ली ज्याच्याविरुद्ध संप करायचा त्याच्याच हाती आहे. संपाचा हक्क पुस्तकात शाबूत ठेवून व्यवहारात तो कसा निकामी करावा, याचा हा नमुना आहे.

बंगळुरूच्या प्रसंगाला ही फूटपट्टी लावून पाहावी. १८ एप्रिलला नोटीस दिली असती तर २ मेपर्यंत यंत्रे चालू ठेवावी लागली असती. पण नोटीस कोणाला द्यायची? निर्णय केंद्र सरकारचा होता, कारखानदाराचा नव्हे. आणि द्यायची कोणी? बहुसंख्य कारखान्यांत संघटनाच नव्हती.

सरकारची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही. अचानक संपाने निर्यातीचा माल अडकतो, जहाज चुकते, मग विमानाने माल धाडण्याचा भुर्दंड कारखानदारावर पडतो आणि परदेशी खरेदीदार पुढची ऑर्डर दुसऱ्या देशाला देतो. नफ्याचे प्रमाण या धंद्यात बेताचेच असते. नोटिशीमुळे बोलणी करायला अवधी मिळतो आणि टाळेबंदी करू पाहणाऱ्या मालकावरही तेवढ्याच दिवसांच्या नोटिशीचे बंधन आहे, हा युक्तिवाद म्हणूनच ऐकून घ्यावा लागतो. मात्र मालकाला कामगारांवर दबाव आणण्यासाठी टाळेबंदीच करावी लागत नाही. ऑर्डर दुसऱ्या युनिटकडे वळविली, ओव्हरटाइम बंद केला, चार जणींना लांबच्या युनिटात धाडले, तरी काम भागते. यासाठी कोणाला नोटीस द्यावी लागत नाही. कामगाराकडे काम थांबविण्यापलीकडे दुसरे काय आहे?

संघटना का नव्हती, याचे उत्तर बंगळुरूपासून म्हैसूरकडे जाताना लागणाऱ्या श्रीरंगपट्टणात मिळते. येथे गोकलदास एक्स्पोर्ट्स या कंपनीचा शिलाई कारखाना होता. माल प्रामुख्याने 'एच अँड एम' या स्वीडिश ब्रँडसाठी तयार होई. बाराशेहून अधिक कामगार, त्यांत महिलांचे प्रमाण मोठे, आणि 'गारमेंट अँड टेक्स्टाइल वर्कर्स युनियन'चे बळही चांगले. जून २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, यंत्रे हलविली जात असल्याचे कामगारांच्या लक्षात आले आणि पाठोपाठ ले-ऑफ जाहीर झाला. ऑर्डर नाहीत, असे कंपनीचे म्हणणे. कंपनीच्या इतक्या कारखान्यांपैकी जेथे संघटना भक्कम तोच नेमका का बंद पडतो, असा संघटनेचा सवाल. महिलांनी कारखान्याच्या आवारात आठवडेच्या आठवडे धरणे धरले. अखेर २०२१ च्या प्रारंभी आंतरराष्ट्रीय कामगार महासंघाच्या मध्यस्थीने करार झाला. संघटनेला मान्यता मिळाली आणि कामगारांना पुन्हा कामावर घेण्याचे ठरले. श्रीरंगपट्टणातला कारखाना मात्र गेला तो गेलाच.

या करारामागे ग्राहक देशांतील दबावाचा वाटा मोठा होता, हे मान्य करायलाच हवे. तामिळनाडूतील दिंडिगुल येथेही तेच दिसले. जानेवारी २०२१ मध्ये एका तरुण दलित महिला कामगाराच्या हत्येनंतर तेथील शिलाई कारखान्यातील लैंगिक छळाचा प्रश्न जगापुढे आला. एप्रिल २०२२ मध्ये महिलांच्या नेतृत्वाखालील स्थानिक संघटना, ईस्टमन एक्स्पोर्ट्स ही कंपनी आणि 'एच अँड एम' यांच्यात करार झाले. लाईनवरच्या कामगार महिलांनाच देखरेखीचे काम मिळाले, तक्रार करणाऱ्यांवर सूड उगविण्यास मनाई झाली. उत्तम झाले. पण असा करार होण्यासाठी एका मुलीचा जीव जावा लागला आणि खरेदीदाराचे नाव जगभर ओळखीचे असावे लागले. देशी बाजारपेठेसाठी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातील बाईसाठी स्टॉकहोममध्ये कोण निदर्शने करणार? तिला आधार देशाच्या कायद्याचाच.

म्हणून शिक्षेच्या तरतुदी बारकाईने वाचाव्या लागतात. बेकायदा संपात उतरणाऱ्या कामगाराला संहितेत एक हजार ते दहा हजार रुपये दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद, अथवा दोन्ही. चिथावणी देणाऱ्याला, म्हणजे व्यवहारात संघटनेच्या कार्यकर्त्याला, दहा हजार ते पन्नास हजार रुपये दंड किंवा तेवढीच कैद. जुन्या कायद्यात संपकऱ्याचा दंड पन्नास रुपयांपर्यंत होता. उलट संघटना केली म्हणून कामावरून काढणे, कारखाना बंद करण्याची धमकी देणे या 'अनुचित कामगार प्रथां'साठी मालकाला पहिल्या गुन्ह्यात दहा हजार ते दोन लाख रुपये दंड आहे, कैद नाही. जुन्या कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद होती. ती फारशी कधी वापरली गेली नाही, हे खरे. तरीही कोणाच्या शिरावरची कैदेची टांगती तलवार काढून घ्यायची आणि कोणाच्या शिरावर ठेवायची, यातून कायदा करणाऱ्याचा कल दिसून येतो.

दुसरा प्रश्न मान्यतेचा. एका कारखान्यात अनेक संघटना असल्यास ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटनाच वाटाघाटी करील, असे संहिता म्हणते. तशी कोणतीच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची परिषद. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात मान्यतेसाठी ३० टक्के सभासदत्व पुरेसे मानले होते. मुंबईच्या वाचकाला या विषयाची गंभीरता समजावून सांगण्याची गरज नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे गिरण्यांत राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही एकच संघटना बोलणी करण्यास पात्र होती. कामगार मात्र डॉ. दत्ता सामंत यांच्यामागे गेले होते. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार गिरण्यांबाहेर होते आणि कायद्याच्या लेखी त्यांचा नेता बोलणी करण्यास अपात्र होता. संपाच्या अपयशाची कारणे अनेक आहेत, त्यांत डॉ. सामंतांच्या चुकाही आल्या. परंतु ज्यांच्यामागे कामगार नाहीत त्यांच्याशीच बोलण्याची कायद्याने सक्ती केल्यावर तडजोडीला जागा उरत नाही, हे गिरणगावाने पाहिले आहे. ५१ टक्क्यांची मोजणी प्रामाणिक झाली तर हा धोका टळेल. ती मालकाच्या आवारात, मालकाच्या हजेरीपटावरून व्हायची आहे.

घटनेचा आधार घ्यावा तर तोही तोकडा आहे. संघटना स्थापण्याचा हक्क अनुच्छेद १९ (१) (ग) मध्ये आहे. मात्र त्यात संपाचा मूलभूत हक्क अंतर्भूत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात १९६१ मध्येच म्हटले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या ८७ आणि ९८ क्रमांकांच्या करारांना भारताने अनुसमर्थन दिलेले नाही. संघटनास्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटी यांविषयीचे हेच ते दोन मूलभूत करार. निर्यातीच्या व्यापार करारांत मात्र कामगार हक्कांचे प्रकरण आता वारंवार येते.

न्यायालयात जाऊन हक्क मिळतो, मग संपाची गरज काय, असेही विचारले जाते. कर्नाटकातील महागाई भत्त्याचे प्रकरण पाहावे. एप्रिल २०२० पासून देय असलेली दरमहा सुमारे ४१७ रुपयांची वाढ राज्य सरकारने पुढे ढकलली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयाने थकबाकी देण्यास सांगितले. तरीही लाखो शिलाई कामगारांना ती मिळण्यास २०२२ उजाडले आणि तीही परदेशी ब्रँडवर दबाव आल्यावर. आदेश हाती असूनही एवढा काळ गेला. ४१७ रुपये ही रक्कम किरकोळ वाटणाऱ्यांनी शिलाई कामगाराच्या महिन्याच्या किराण्याची यादी एकदा पाहावी.

महाराष्ट्रात बंगळुरूसारखे प्रचंड शिलाई कारखाने थोडे. सोलापूरचा गणवेश उद्योग, मुंबई-भिवंडीच्या गाळ्यांतील जॉबवर्क, असे आपल्याकडचे स्वरूप. संहितेनुसार स्थायी आदेश ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेलाच लागू होतात. महाराष्ट्रात ही मर्यादा पूर्वी ५० होती. कामाच्या वेळा, रजा, गैरवर्तन कशाला म्हणायचे, चौकशी कशी करायची, हे सारे त्या आदेशांत लिहिलेले असते. शे-दोनशे यंत्रांच्या कारखान्यात आता ते लेखी असण्याचे बंधन नाही. त्यातच ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला संहितेने सर्वत्र वाट मोकळी केली आहे. अशा नेमणुकीवरच्या बाईने संघटनेचा अर्ज भरला तर तिला कामावरून काढण्याची गरजच पडत नाही. अनुचित कामगार प्रथा सिद्ध करायला बडतर्फीचे पत्र तरी हाती हवे. ते नसते. मुदत संपली, नवा करार झाला नाही, एवढेच तिला कळविले जाते.