प्रश्न आधी वावरात, मग मोबाइलवर

श्रावणातली गोष्ट. आठ दिवस झड लागलेली. केळीबागेत पाय ठेवला की चिखल घोट्यापर्यंत. माझी आठवीतली पुतणी ओसरीवर वडिलांचा मोबाइल घेऊन बसली होती. तिने चॅटबॉटला लिहिले, ‘केळीची पाने पिवळी पडतात उपाय सांगा.’ डोळ्याचे पाते लवेपर्यंत उत्तर आले. नत्राची कमतरता, लोहाची कमतरता, मुळाशी पाणी साचणे, करपा, सूत्रकृमी, विषाणू. प्रत्येकापुढे खत किंवा औषध, आणि त्याची मात्रा. पोरीने सगळे खड्या आवाजात वाचून दाखवले. आबा पलीकडे सुतळी वळत बसले होते. वाचन संपल्यावर त्यांनी एवढेच विचारले, ‘‘कोनतं पान पिवयं पडलं? वरलं का खाललं?’’

तिला सांगता येईना. तिने पान पाहिलेलेच नव्हते. वडील जेवताना बोलले ते तिने ऐकले होते आणि जसेच्या तसे मोबाइलमध्ये टाकले होते.

त्या दिवसापासून माझे मत पक्के आहे. मुलांना एआयला नीट प्रश्न विचारायला शिकवलेच पाहिजे, शाळेत शिकवले पाहिजे, आणि त्या शिक्षणाची सुरुवात मोबाइल हातात देऊन करता कामा नये. या मताला आमच्या मुक्ताईनगर तालुक्यातच चार बाजूंनी विरोध होतो. खंडनमंडनाची आपली जुनी रीत अशी की समोरच्याचा पक्ष आधी मांडायचा, तोही त्याच्या पूर्ण बळानिशी. म्हणून आधी त्यांचे ऐकू.

पहिला पक्ष अनुभवी शिक्षकांचा. ते म्हणतात, ‘‘यंत्राला विचारायला शिकवणे म्हणजे आळस शिकवणे. मुले निबंध त्याच्याकडून लिहून घेतात, गणिते त्याच्याकडून सोडवून घेतात. त्यात आपण आणखी हातभार लावायचा?’’ यातला निम्मा भाग मला मान्य आहे. ज्या मुलाला अजून स्वतःचे पाच वाक्यांचे पत्र लिहिता येत नाही, त्याच्या हाती हे साधन देऊ नये. युनेस्कोने 2023 साली दिलेल्या मार्गदर्शनात वर्गातल्या वापरासाठी किमान 13 वर्षे वय सुचवले आहे, ते योग्यच आहे. पण आळसाचे मूळ चॅटबॉटमध्ये शोधणे चूक आहे. 30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी लोकांसमोर आले. आपल्याकडची गाइडे त्याच्या कितीतरी आधीची, अपेक्षित प्रश्नसंच आधीचे, फळ्यावरचे उत्तर वहीत उतरवून घेणे तर फारच आधीचे. दहा वर्षांच्या शालेय आयुष्यात मूल हजारो प्रश्नांची उत्तरे लिहिते. स्वतः प्रश्न तयार करून त्याबद्दल गुण मिळाल्याचा प्रसंग किती मुलांच्या वाट्याला येतो? प्रश्न हा सरांचा आणि उत्तर हे मुलांचे, अशी वाटणी आपण करून ठेवली. आता उत्तर देणारे यंत्र घराघरात आले, तेव्हा मुलांच्या हाती उरले तेच काम, जे आपण त्यांना कधी शिकवले नाही. मोबाइलवर बंदी घालून ही उणीव भरून निघत नाही. ती फक्त शाळेच्या फाटकाबाहेर जाते, आणि तिथे तिच्याकडे बघायला कुणी नसते.

दुसरा पक्ष याच्या अगदी उलट टोकाचा. सुट्टीतल्या शिबिरांत तो भेटतो. ‘तू अनुभवी शिक्षक आहेस असे समज’, ‘दहा मुद्द्यांत सांग’, ‘सोप्या भाषेत सांग’ अशी वाक्ये पाठ करून घ्यायची आणि मुलाला प्रश्न विचारता येतो असे जाहीर करायचे. या साच्यांचा थोडा उपयोग होतो, उत्तराचा आकार बदलतो. पण माझ्या पुतणीने ‘तू केळीतज्ज्ञ आहेस असे समज’ असे आधी लिहिले असते, तरी पान वरचे की खालचे हे यंत्राला कुठून कळणार होते? साचा उत्तराला वळण लावतो. पाहण्याचे काम तो करत नाही, आणि मुलाला ते टाळायची सवय लावतो. पाठांतराच्या रोगावर पुन्हा पाठांतराचेच औषध देण्याला माझा ठाम विरोध आहे.

तिसरा पक्ष पालकांचा, आणि त्यात काळजी आहे म्हणून तो मला लागतो. ‘‘आमच्या पोरांना इंग्रजी येत नाही, मग यात ते मागेच पडणार ना?’’ वस्तुस्थिती अशी की ही यंत्रे मुख्यतः इंग्रजी मजकुरावर पोसलेली आहेत. मराठीतले उत्तर पुष्कळदा पातळ येते, भाषांतराचा वास येतो. तरीही गुगलचे जेमिनी ॲप जून 2024 मध्ये भारतात आले ते मराठीसह नऊ भारतीय भाषा घेऊन. दार उघडे आहे. मुद्दा दाराचा नाहीच, आत काय घेऊन जायचे याचा आहे. आमच्या तालुक्यातले मूल घरी लेवा गणबोली बोलते, कुणी तावडी, कुणी गुजरी, आणि शाळेत पुस्तकी मराठी. त्याला बागेत जे दिसते ते आधी घरच्या बोलीत दिसते. पोंगा, निसवण, फणी, पिल हे शब्द ज्याला ठाऊक आहेत, त्याच्याकडे चांगल्या प्रश्नाचा निम्मा ऐवज आहे. त्याच्याकडून आधी इंग्रजी वाक्य मागितले तर तो हा ऐवज बाहेर ठेवून, त्याला येतात तेवढे चार इंग्रजी शब्द घेऊन आत जाईल. एखादा बोलीतला शब्द यंत्राला कळलाच नाही, तर ती वस्तू कशी दिसते, कुठे असते, तिचे काय करतात हे मुलाने तीन वाक्यांत सांगावे. भाषेचा यापेक्षा चांगला धडा मला सुचत नाही.

चौथा पक्ष सर्वांत बळकट आहे. तो म्हणतो, ‘‘यंत्रे रोज सुधारताहेत. उद्या वेडावाकडा, अर्धवट प्रश्नही त्यांना बरोबर समजेल. मग शिकवण्याचा खटाटोप कशाला?’’ एका गृहस्थांनी तर मला चांगदेवांचाच दाखला दिला. ‘‘कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर मिळाले की नाही?’’

हा दाखला आमच्या मातीतला आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. मुक्ताईनगर म्हणजे पूर्वीचे एदलाबाद. शेजारी कोथळी, तिथे मुक्ताईचे जुने मंदिर. याच तालुक्यात तापी आणि पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव, तिथे चांगदेवांचे मंदिर. कथा सर्वांना ठाऊक आहे. योगबळाने चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवांना ज्ञानदेवांना पत्र लिहायचे होते. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, तर ज्ञानाने तो मोठा. ‘तीर्थरूप’ लिहावे, तर वय आडवे येते. मायना ठरेना, म्हणून कोराच कागद पाठवला. तो पाहून धाकट्या मुक्ताईने म्हटले की इतकी वर्षे जगून हा कोरा तो कोराच राहिला. ज्ञानदेवांनी उत्तर लिहिले, तीच चांगदेव पासष्टी.

आता पाहा. कोऱ्या कागदाला उत्तर मिळाले ते कशामुळे? उत्तर देणारे ज्ञानदेव होते म्हणून. कागद कोरा असला तरी पाठवणारा कोण, त्याचे अडले कुठे, हे त्यांना दिसत होते. चॅटबॉटला मोबाइलमागचे मूल दिसत नाही. आपण सांगितले नाही ते त्याच्यापुढे नसतेच. त्याने असंख्य लोकांचे लेखन पचवलेले असते आणि त्यावरून पुढचा शब्द कोणता येण्याजोगा आहे, हे ते जुळवत जाते. कोऱ्या प्रश्नाला ते कुणालाही चालेल असे सरासरी उत्तर देते. उद्या त्याचा अंदाज आणखी अचूक होईलही, पण तो अंदाज यंत्राचा असेल. आपल्याला नेमके काय हवे आहे हे मुलाच्या आधी दुसऱ्याने ठरवले, आणि मुलाला ते पटलेही, तर त्या मुलाचे काय झाले? मुक्ताईचे बोलणे पत्राविषयी नव्हतेच, ते पत्र पाठवणाऱ्याविषयी होते. पासष्टी हाती आल्यावरही चांगदेवांचे काम संपले नाही. ते स्वतः आले, आणि परंपरा सांगते की त्यांनी गुरू केले ते मुक्ताईला. आमच्या मुलखातल्या मास्तरांनी ही कथा चमत्कार म्हणून पुष्कळ सांगितली. आता ती प्रश्नाचा धडा म्हणून सांगावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मग शिकवायचे काय आणि कसे?

स्वच्छ प्रश्न कसा असतो हे दाखवायला मी आणखी एका मुक्तेकडे जातो. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तिच्या विचाराची चाल बघण्यासारखी आहे. आम्हाला काय सांगितले गेले ते ती आधी मांडते: वेद ब्राह्मणांचेच, इतरांनी ते पाहायचेही नाहीत. मग त्यातून काय निघते ते दाखवते: ज्यांना धर्मपुस्तकच नाही ते धर्मरहित ठरले. आणि मग विचारते: तर मग देवा, आमचा धर्म कोणता? आधी ठाऊक आहे ते, मग अडते कुठे ते, मग प्रश्न. तिला कुणी साचा दिला नव्हता. तिने आपले जगणे डोळे उघडून पाहिले होते, आणि शाळेने तिला ते मांडायची हिंमत दिली होती.

वर्गात याची सुरुवात मोबाइलशिवाय, कागदावर व्हावी. एका मुलाने प्रश्न लिहायचा, दुसऱ्याने लिहिले आहे तेवढ्याचेच उत्तर द्यायचे, मनचे काही धरायचे नाही. ‘पुस्तक कुठे आहे?’ असे लिहिले तर दुसरा विचारणार, कोणते, कुणाचे, शेवटचे कधी पाहिले? चार-आठ दिवस हा खेळ चालला की प्रश्न आपोआप भरीव होऊ लागतात.

मोबाइल त्यानंतर, आणि तोही मोठ्यांच्या सोबतीने. पहिले प्रश्न असे विचारावेत की ज्यांची उत्तरे मुलांना पक्की ठाऊक आहेत. आपल्या गावाविषयी विचारा. एदलाबाद म्हटल्यावर यंत्र तेलंगणातल्या आदिलाबादकडे वळते का? कोथळी, मेहूण आणि मुक्ताईनगर ही तीन ठिकाणे ते वेगळी ठेवते की एकात कालवते? ठाऊक असलेल्या गोष्टीत ते कुठे घसरते, हे मुलाने एकदा डोळ्यांनी पाहिले की अनोळखी विषयात ते भाबडेपणाने मान डोलावणार नाही. प्रश्नोपनिषदात पिप्पलाद ऋषी सहा जिज्ञासूंना सांगतात की वर्षभर इथे राहा, मग हवे ते विचारा, आम्हाला ठाऊक असेल तर सांगू. ‘ठाऊक असेल तर’ ही अट यंत्र पुष्कळदा घालत नाही. चुकीचे उत्तरही ते त्याच ठाम सुरात देते. म्हणून ती अट मुलाने आपल्या प्रश्नात घालावी: तुझी खात्री कशाविषयी आहे, कशाविषयी नाही, आणि मी हे कुठे पडताळून पाहू?

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. प्रश्नात आपलेच उत्तर दडपून ठेवू नये. ‘केळीला करपा झाला, कोणते औषध मारू?’ असे विचारले की यंत्र बहुधा करपाच धरून चालते आणि औषधाचे नाव देते. करपा आहे असे ठरवले कुणी? दिसले ते लिहावे, ठरवलेले लिहू नये. स्वतःचे नाव, शाळा, फोन नंबर, घरातली भांडणे यांतले काही लिहू नये, हे तर पहिल्याच दिवशी बजावावे.

पुतणीचे पुढे काय झाले ते सांगतो. पाऊस उघडल्यावर आबा तिला घेऊन बागेत गेले. तासाभराने ती चिखलाच्या पायांनी परत आली आणि वहीच्या मागच्या पानावर लिहायला बसली. दोनदा खोडले, मग वडिलांना शेजारी बसवून मोबाइलवर उतरवले: ‘मुक्ताईनगर तालुक्यात जूनमध्ये टिश्यू कल्चरची केळी लावली आहे. आठ दिवस ढगाळ वातावरण आणि पाऊस आहे. खालची पाने हिरवी आहेत. वरच्या नवीन पानांवर शिरांच्या बाजूने पिवळे पट्टे आहेत, पान अरुंद झाले आहे. दोन झाडांचा पोंगा सडला आहे. बांधावर काकडीचा वेल आहे. हे कशामुळे असू शकते? खात्रीसाठी मी अजून काय पाहू?’

या वेळी उत्तरात खतांची यादी नव्हती. कुकुंबर मोझॅक विषाणूची शक्यता जास्त आहे, तो मावा किडीमुळे पसरतो, काकडीवर्गीय वेलींवरही तो राहतो, पानांच्या मागे मावा आहे का ते पाहा, लागण झालेले झाड औषधाने बरे होत नाही, आणि निर्णय घेण्याआधी कृषी अधिकाऱ्यांना दाखवा, असे ते म्हणाले. तिने वाचून दाखवले तेव्हा आबा म्हणाले, ‘‘हा तं हरन्या.’’ गावातले नाव आणि यंत्रातले नाव असे समोरासमोर आले. दुसऱ्या दिवशी कृषी सहायक येऊन पाहून गेले, त्यांनीही तेच सांगितले.

पण पोरीचा पुढचा प्रश्न मोबाइलला नव्हता. रोगट झाडे किती, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. ती वही-पेन्सिल घेऊन पुन्हा बागेत गेली. एकेका ओळीतून फिरत पोंगे बघत गेली, आणि सापडेल त्या झाडाला चिंधी बांधत गेली. सतरा झाली. आबा कुदळ घेऊन तिच्या मागून निघाले.