सुखोई की मिग?

लढाऊ विमानांची नावे आणि वेग तुमच्यापैकी अनेकांना तोंडपाठ असतात. पण भूमच्या माळावरून एखादे विमान गडगडत गेले, तर ते कोणते हे सांगायला वेगाचा आकडा कुचकामाचा. तो काही विमानावर लिहिलेला नसतो! माझे स्पष्ट मत असे, की पाठांतर सोडून आकृती वाचायला शिकावे.

सुखोई-30 एमकेआय आणि मिग-29 ही जोडी घ्या. आपली बहुतेक सुखोई नाशिकजवळ ओझरला बांधली गेली. पुण्याच्या लोहगाव तळावर ती असतात. नौदलाची मिग-29के गोव्याच्या हंसा तळावर. दोघांनाही दोन इंजिने, दोन उभी शेपटे. खालून पाहिले तर सख्खी भावंडे!

‘मोठे ते सुखोई’ हा नियम चालत नाही. सुखोईची लांबी सुमारे 22 मीटर, मिगची सुमारे 17. परंतु 2200 मीटरवरचे सुखोई आणि 1700 मीटरवरचे मिग डोळ्याशी सारखाच कोन करतात, 0.01 रेडियन. हात लांब करून धरलेला तुरीचा दाणा दिसतो, साधारण तेवढेच दोन्ही. अंतर ठाऊक नसेल, तर आकारमानावरून काहीच ठरत नाही.

मग पाहायचे काय? मुख्य पंखांच्या पुढे आणखी दोन छोटे पंख दिसले, तर ते सुखोई. त्यांना कॅनार्ड म्हणतात. नाक खूप वर उचललेले असताना विमान ताब्यात ठेवायला ते मदत करतात. मिगला ते नाहीत. (राफेललाही कॅनार्ड आहेत, पण त्याचे उभे शेपूट एकच.) शिवाय सुखोईच्या दोन इंजिनांमधून मागे एक लांब सोट निघतो, उतरल्यावर वेग कमी करणारी छत्री त्यात असते. कारण कळले, की खूण विसरत नाही.

रडार असताना डोळे कशाला, असे कुणी विचारील. 27 फेब्रुवारी 2019 रोजी काश्मीरात बडगामजवळ आपल्याच क्षेपणास्त्राने आपलेच एमआय-17 हेलिकॉप्टर पडले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मृत्युमुखी पडला. डोळ्यांनी ते टळले असते असे मी म्हणत नाही. पण यंत्रे असूनही ओळख चुकते, एवढे खरे. जून 1944 मध्ये नॉर्मंडीवर जाणाऱ्या दोस्तांच्या विमानांवर काळेपांढरे पट्टे रंगवले होते, ते आपल्याच तोफांनी पाडू नये म्हणून.

शिक्षकांनी एक करावे. काळ्या पुठ्ठ्याची 22 सेंटिमीटरची सुखोई आणि 17 सेंटिमीटरची मिग कापावी. मैदानात एक 22 मीटरवर, दुसरी 17 मीटरवर धरावी आणि मुलांना ओळखायला सांगावे. मग सुखोई हळूहळू मागे न्यावी, आणि कॅनार्ड किती मीटरवर दिसेनासे होतात ते प्रत्येकाने मोजून वहीत लिहावे.