पट ढासळतो तेव्हा

जून उजाडला की मराठी प्राथमिक शाळांच्या पटसंख्येची चर्चा सुरू होते आणि पावसाचा भर ओसरेपर्यंत ती विरूनही जाते. २०२३ साली राज्य शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचा विचार पुढे आणला, तेव्हा अशा शाळा चौदा हजारांहून अधिक असल्याचे समोर आले. दोष मात्र ठरलेलाच : शिक्षक शिकवीत नाहीत. हे निदान फार सोयीचे आहे, म्हणूनच ते तपासून पाहावे असे आम्हांला वाटते.

१९६६ साली अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी करून अहवाल सादर केला. इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांतील फरकाने मुलांच्या प्रगतीतील तफावत फारशी उलगडत नाही, असे त्यांना आढळले. मोठा प्रभाव घरच्या परिस्थितीचा आणि वर्गातील सोबत्यांचा होता. फ्रान्समध्ये पिएर बूर्द्यू यांनी दाखविले की, शाळा ज्या भाषेची व वळणाची अपेक्षा धरते, ते ती स्वतः शिकवीत नाही. ज्याच्या घरी ते असते तो ‘हुशार’ ठरतो.

आता पालघर जिल्ह्यातील वारली मूल डोळ्यांसमोर आणावे. घरी वारली बोली, पुस्तकात प्रमाण मराठी. दिवाळीनंतर आईवडील वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात, तेव्हा तेही निघते. हजेरीपटावर नाव तेवढे राहते. पावसाच्या तोंडावर ते परतते तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. शिक्षक कितीही तळमळीचा असो, ही पोकळी तो एकटा कशी भरणार?

इथे वसईकर वाचकांना आपल्या आजोबांची आठवण व्हावी. त्यांच्याही घरी सामवेदी किंवा वाडवळी बोली होती आणि शाळा काही श्रीमंत नव्हती. तरीही चर्चच्या मराठी शाळांतून शिक्षक, परिचारिका, धर्मगुरू, साहित्यिक घडले. कसे? कोलमन यांनी थॉमस हॉफर यांच्यासह १९८७ साली लिहिलेल्या ग्रंथात याचा एक धागा सापडतो. अमेरिकेतील कॅथलिक शाळांमधून (त्या माध्यमिक शाळा होत्या, हे नमूद केले पाहिजे) गळती बरीच कमी का, याचे उत्तर त्यांना वर्गाबाहेर मिळाले. पालक एकमेकांना ओळखत, एकाच चर्चमध्ये भेटत. एकाच्या मुलावर दहाजणांचे लक्ष असे. यालाच त्यांनी सामाजिक भांडवल म्हटले.

मराठी शाळांतून हे भांडवल आपण काढून घेतले. आपली मुले इंग्रजी माध्यमात गेली. त्याबद्दल पालकांना दूषण देण्याचा आम्हांला अधिकार नाही; आमची भाचरेही तिथेच शिकली, आणि नोकरीच्या बाजारात इंग्रजीचे मोल कोण नाकारील? परंतु मुलाबरोबर पालकही गेला : सभेत प्रश्न विचारणारा, गळक्या छपरासाठी अर्ज घेऊन फिरणारा. मागे राहिले ते मूल, ज्याच्या आईला पालकसभेसाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते.

मोठ्या शाळेत सोबती मिळतील, हा शासनाचा युक्तिवाद खोटा नाही. पण वाटेत ओढा असेल, तर आधी मुलीची शाळा सुटते.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या जाहीरनाम्यात गरीब, कुटुंबाच्या आधाराला पारखी झालेली आणि ख्रिस्ती नसलेली मुले यांची विशेष काळजी वाहण्यास सांगितले. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. उरलेल्या जागांत स्थानिक शिक्षणतज्ज्ञाला स्थान मिळू शकते. निवृत्त शिक्षकांची तर आपल्या धर्मग्रामांत वाण नाही. दिवाळीनंतर भट्ट्या पेटतील, तेव्हा तिथल्या मुलांची नावे जवळच्या शाळेच्या पटावर आली आहेत का, एवढी चौकशी तरी ते करू शकतात.